संकलक : पडताळणी बाकी

५ जून २०२४

बडबडे,

मंगळवार, ४ जून, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वेळ लिहून ठेवली आहे, म्हणजे उद्या तुमच्यापैकी कुणी "असं काही झालंच नाही" म्हणायला नको.

मी निवृत्त झाले तरी दर मंगळवारी ग्रंथालयाचा डेटाबेस घरून उघडते आणि तुमच्या चुका वहीत टिपते, हे तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात सतरा होत्या. एकाच पुस्तकाच्या तीन नोंदी, आणि तिन्हींत पानांची संख्या वेगळी. ते सोड. काल मी लेखसूची उघडली. जुन्या मासिकांतला कुठला लेख कुठल्या अंकात, कुठल्या पानावर, हे सांगणारी आपली सूची. अकरा हजार नऊशे ऐंशी नोंदी. लांबलांबचे अभ्यासक पत्र पाठवून जिची चौकशी करतात, ती. एकोणीस वर्षं प्रत्येक नोंदीत "संकलक" या शब्दापुढे माझं नाव होतं. काल तिथे काय होतं? "पडताळणी बाकी."

माझी पडताळणी? मी त्या ग्रंथालयात सूची विभागाची प्रमुख होते, तेव्हा तू दात पडलेल्या तोंडानं माझ्या टेबलाखाली बसून कार्डांच्या आगगाड्या करत होतीस. आता तू डेटाबेसची मुख्य झालीस, आनंद आहे. पण मावशीचं नाव पुसायचं आणि मावशीला साधी दोन ओळींची चिठ्ठी नाही, ही कुठली रीत? परकी असतीस तर एव्हाना तुझ्या संचालकांच्या टेबलावर माझं पत्र पडलं असतं.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, तोंडी ते वारं, लेखी ते खरं. तेव्हा लेखी कळव. कुणाच्या हुकमावरून, कधी, का.

तुझी मावशी

•

११ जून

ती. मावशी,

चूक झाली. कान धरते, दोन्ही. तुला आधी कळवायला हवं होतं.

पण नाव पुसलेलं नाही गं. झालंय असं, की १ जुलैपासून आपला डेटाबेस बाकीच्या सगळ्या ग्रंथालयांशी जोडला जाणार. आपली प्रत्येक नोंद शेकडो ठिकाणी उतरेल, आणि एकदा उतरली की परत बोलावता येत नाही. म्हणून संचालकांनी सांगितलं, जिथे जिथे व्यक्तीचं नाव आहे तिथे मूळ कागद पाहा आणि मगच सोडा. लेखसूचीचे मूळ कागद म्हणजे ती कार्डं. तळघरातले चौऱ्याहत्तर खण मी वर आणवले. पंधरा दिवस शिंकतेय.

आता खरी गंमत ऐक. कार्डांच्या पुढच्या बाजूला लेख, लेखक, अंक, पान, सगळं टाइप केलेलं. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेली एक एवढीशी चिमणी. बहुतेक सगळ्या कार्डांवर! आणि कार्ड उलटलं की पाठीमागे, मुंगीएवढ्या अक्षरात, त्या लेखाबद्दल एक ओळ आणि तारीख. "वाचण्यासारखं." "लेखकाला स्वयंपाकघर कुठे असतं ते माहीत नाही." "शेवटी रडू आलं, रुमाल घरी." एका लांबलचक लेखावर नुसतं "हुश्श." मावशी, मी काम सोडून या पाठीच वाचत बसते. सतरा वर्षं कुणीतरी एकेक लेख अक्षरन् अक्षर वाचलाय.

मधूनमधून "आज कैचीला धार आहे, कुणी जवळ जाऊ नये" असंही येतं. ही कैची कोण गं?

आणि ही चिमणी कोण? अक्षर तुझं नाही. तुझं अक्षर मी झोपेतही ओळखीन, माझ्या सगळ्या निबंधांवर लाल शाईनं होतं.

तुझी बडबडी

•

१४ जून

बडबडे,

कैची म्हणजे मी. सगळ्या विभागाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. पुढे.

चिमणी म्हणजे आमची टंकलेखिका. आवाज बारीक, चालणं बारीक, जेवणही तेवढंच, म्हणून चिमणी. दुपारी कामाची गर्दी ओसरली की जुनी मासिकं घेऊन बसायची. मी बसू दिलं. कार्ड कसं करायचं, कुठे स्वल्पविराम, कुठे कंस, हे मी शिकवलं. ती टाइप करायची. आता न्यायाधीशाचा निकाल जो टाइप करतो त्याला आपण न्यायाधीश म्हणतो का? मग झालं.

कार्डांच्या पाठी उलटून पाहणं हे सूचिकाराचं काम नाही. तुम्हा नव्या लोकांना पुढचं सोडून मागचं वाचायची हौस. चौऱ्याहत्तर खण वर आणवलेस ते ठीक, पण त्यांचा क्रम बिघडला नाही ना? खणांच्या तळाशी कार्डांच्या भोकांतून ओवलेल्या सळया काढल्या असतील तर पुन्हा घाल, नाहीतर एक खण सांडला की सात दिवस गेले.

हे सगळं आता उकरायचं काही कारण मला दिसत नाही. एकोणीस वर्षं एक गोष्ट नीट चालली आहे. आधीचं होतं तसं कर आणि सोडून दे.

आणि सहज विचारते, २००४ सालच्या कार्डांच्या पाठीही वाचल्यास का?

मावशी

•

२१ जून

ती. मावशी,

वाचल्या! सगळं सांगते, दमानं. एक कोडं सुटलंय आणि तुझ्यासाठी एक भेट आहे.

आधी कोडं. मला राहून राहून वाटत होतं, कार्डांवर चिमणी आणि डेटाबेसमध्ये तू, असं कसं? कार्डं संगणकात चढवणाऱ्या मुलींनी तर कोपऱ्यातली खूण पाहून संकलकाचं नाव घातलं असणार. म्हणून जुना सर्व्हर उघडून बदलांची नोंदवही शोधली. त्यात एक ओळ सापडली : १२ नोव्हेंबर २००४, १६ वाजून ५२ मिनिटं, "संकलक" रकाना, ११,९८० नोंदी बदलल्या. एका फटक्यात! कुणीतरी फिल्टर न लावता एकगठ्ठा बदलाची आज्ञा दिली. काही थोड्या नोंदी बदलायच्या असणार, बदलल्या सगळ्या. मी नवीन होते तेव्हा अशीच तीनशे पुस्तकं बालविभागात पाठवली होती, तू किती बोलली होतीस! बदल कुणी केला ते मात्र कळत नाही, तेव्हा सगळा विभाग एकाच नावानं आत शिरायचा. पण हे त्या संगणक बसवायला आलेल्या माणसाचंच काम, दुसरं कोण? तू असताना असा गाढवपणा कुणाच्या हातून होणार? मी तसं टिपण तयार केलंय : "बाहेरील तंत्रज्ञाच्या चुकीमुळे." संचालकांनाही पटलं. त्या माणसाचं नाव जुन्या फायलीत आहे, तेही घालू म्हणाले.

आता भेट. शेवटच्या खणातलं अगदी शेवटचं कार्ड, पाठीवरची तारीख १७ नोव्हेंबर २००४. पाठीमागे लेखाबद्दल काहीच नाही. लिहिलंय : "संकलक म्हणजे जो जबाबदारी घेतो तो – बाई." हे तुझं वाक्य आहे ना? मला इतकं आवडलं! आमच्या नव्या मुलींना हेच शिकवायला हवं. सुंदर अक्षरात लिहून दालनात तुझ्या फोटोखाली लावणार आहोत. त्यानंतर एकही कार्ड नाही. संगणक आला, आता कार्डं कशाला, म्हणून थांबवलं असेल.

आणि हो, मी तिला भेटून आले! चिमणीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, मुलीकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर. चष्म्याशिवाय वाचतात. मी सूचीचा विषय काढला तर म्हणाल्या, "ती बाईंचीच गं. बाईंनी मला रोज दोन तास वाचू दिलं, दुसरं कुणी दिलं असतं?" मग विचारलं, "बाई अजून तशाच का? पाकीट चिकटवल्यावर दोनदा दाबून बघतात?" मी म्हटलं, "तीनदा." खूप हसल्या. पाठीवरच्या ओळी वाचून दाखवल्या तर लाजल्या, "अगंबाई, ते राहिलंच की पुसायचं!" शेवटचं कार्ड दाखवलं, तेव्हा मात्र फक्त पुढची बाजू पाहिली. उलटलं नाही. "हे तुझ्याचकडे राहू दे," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चहा तर आमचा नुकताच झाला होता. वय झालं, आठवत नसेल बिचारीला.

संचालक म्हणतात, मधला मार्ग काढू : "संकलक" तू, आणि खाली "साहाय्य" म्हणून त्यांचं नाव. सोबतच्या फॉर्मवर तेवढी सही करून पाठव. ३० तारखेला रविवार असला तरी मी संध्याकाळी पाच वाजता सगळ्या नोंदी पाठवायला सोडणार आहे.

खूश ना आता?

तुझी बडबडी

•

२५ जून

मावशी,

चार दिवस झाले. फोन उचलत नाहीस, ते एक वेळ समजू शकते. पण पत्राचंही उत्तर नाही, असं आजवर झालेलं नाही. शेजारच्या काकूंना विचारलं, म्हणाल्या, "आहेत की, दिवसभर टेबलाशी बसून लिहितात आणि फाडतात."

"साहाय्य" हा शब्द लागला का? तुला नको असेल तर तो काढायला सांगते. काहीतरी कळव.

बडबडी

•

२६ जून

बडबडे,

या पाकिटात दुसरं पाकीट आहे. ते चिकटवलेलं नाही, आधी तू वाच. मग चिकटव, एकदाच दाब, आणि स्वतः दुसरा मजला चढून तिच्या हातात दे.

तुझा फॉर्मही परत पाठवते आहे, तो तिलाच दे; त्यावर संकलक म्हणून सही केलेली नाही. संगणकवाल्या माणसाचं टिपण आजच्या आज फाड. तो बिचारा त्या दिवशी दुपारी दोनलाच गेला होता, जाताना मला दोनदा बजावून गेला, "मॅडम, आधी फिल्टर, मग आज्ञा." त्याचं नाव कशातही येता कामा नये. आणि माझं ते वाक्य भिंतीवर लावलंस तर मी स्वतः येऊन काढीन, स्टुलावर चढून, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो.

मावशी

•

२६ जून २०२४

चिमणे,

शुक्रवार, १२ नोव्हेंबर २००४, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटं.

ही वेळ तुला ठाऊक नसेल. तू त्या दिवशी साडेचारला गेली होतीस, मुलीला ताप होता. विभागात मी एकटी होते. सूचीत तुझ्या नावाची कार्डं अकरा हजार अठ्ठावीस होती. माझ्या नावाची सहाशे चाळीस. आणि तीनशे बारा अशी होती की ज्यांवर कुणाचीच खूण नव्हती. ती माझीच, सुरुवातीच्या दिवसांतली, असं मला वाटत होतं, म्हणून त्यांत माझं नाव घालायला बसले. आधी कोऱ्या नोंदी वेगळ्या काढायच्या, मग नाव घालायचं. मी वेगळ्या काढल्याच नाहीत. घाई कसलीच नव्हती. दोनदा बजावलेलं काम मला तिसऱ्यांदा वाचायचा कंटाळा आला, एवढंच. पडद्यावर आकडा आला, ११,९८०. तो मी वाचला. नीट वाचला.

इथवर चूक होती. चुकीला मी घाबरत नाही, दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात जन्म गेला. पुढचं ऐक.

आपण दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्या डेटाची नक्कल टेपवर काढायचो. एकच टेप, पुढच्या गुरुवारी तिच्यावरच नवी. त्या शुक्रवारी आदल्या दिवशीची टेप माझ्या कपाटात होती आणि तिच्यावर तुझं नाव शाबूत होतं. ती परत चढवायची, तासाभराचं काम. मी म्हटलं, सोमवारी करू. सोमवारी सकाळी संचालक पाहुण्यांना घेऊन आले, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही सगळी आमच्या बाईंची मेहनत." एक पाहुण्या बाई तर म्हणाल्या, "एवढं वाचायला वेळ कधी मिळाला हो तुम्हाला?" तू तिकडे कोपऱ्यात यंत्राला नवी रिबन घालत होतीस. तुझी पाठ होती माझ्याकडे. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि हसले. ते हसणं मला अजून आठवतं, चेहऱ्यावर कुठे कुठे ताणलं गेलं ते सुद्धा.

मंगळवारी म्हटलं, उद्या. बुधवारी दुपारी तू माझ्या टेबलाशी आलीस. हातात एक कार्ड होतं. तू पडद्यावर पाहिलं होतंस, हे मला तुझ्या पावलांवरूनच कळलं. तू भांडली असतीस तर मी शुद्धीवर आले असते. पण तू विचारलंस, "बाई, संकलक म्हणजे काय असतं हो?"

आणि मी म्हटलं, "जो जबाबदारी घेतो तो." वर हेही म्हटलं, "एवढी वर्षं इथे काढून हे विचारतेस?"

तू मान हलवलीस आणि जागेवर गेलीस. तेव्हा टेप कपाटातच होती, चिमणे. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचला मी ती टेप स्वतःच्या हातानं काढली, यंत्रात घातली आणि तुझ्या सतरा वर्षांवर माझं नाव छापून घेतलं. टेप फिरेपर्यंत उभी होते. बावीस मिनिटं लागली.

पुढे माझा सत्कार झाला. गुच्छ कुणी द्यायचा, तर विभागातल्या सगळ्यांत जुन्या व्यक्तीनं, म्हणजे तू. तू दिलास. माझ्या भाषणात मी सगळ्यांचे आभार मानले, शिपायाचे सुद्धा. तुझे "आमच्या टंकलेखिका" म्हणून मानले.

तू पुन्हा कार्ड केलं नाहीस, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दुपारी दोन तास तू नुसती खिडकीबाहेर बघत बसायचीस. मी त्यावरूनही बोलले होते, "काम नसेल तर मागून घ्यावं." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. तो नागोबाही बिळाच्या मालकाला वर तोंड करून बोलत नसेल.

माझ्या भाचीनं महिन्यापूर्वी ही सूची पुन्हा तपासायला घेतली, तर मी तिलाच झापलं. चोर तो चोर वर शिरजोर. तू टाइप तेवढं करायचीस असं तिला लिहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं. त्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, मी सगळ्या पत्रांच्या नकला ठेवते. ती पुन्हा वाचली. शाळेत खोटं बोललं की सिस्टर शंभर वेळा एकच वाक्य लिहायला लावायच्या, आणि मला वाटायचं, एवढ्यानं काय होतं? चार दिवस हे एकच पत्र लिहिते आहे. होतं. नव्वदाव्या वेळेपर्यंत आपण आपल्याला कारणं सांगत असतो. पुढे ती संपतात.

पोरीनं मला कार्डांच्या पाठीवरच्या तुझ्या ओळी लिहून पाठवल्या. "शेवटी रडू आलं, रुमाल घरी." सतरा वर्षं तू माझ्यापासून आठ पावलांवर बसून हसत होतीस, रडत होतीस, लेखकांना झापत होतीस, मलाही झापत होतीस, आणि मी स्वल्पविराम तपासत होते. एकही कार्ड मी कधी उलटलं नाही. सूची तुझी आहे हे सांगायला त्या चिमण्यांचीही गरज नाही. मला त्यातला एक लेख विचारला तर सांगता येणार नाही.

तू भाचीला म्हणालीस, "ती बाईंचीच." हे औदार्य मला नको आहे. तुझ्या दोन तासांवर माझे उपकार नव्हते. त्या दोन तासांचं मी काय केलं, ते वर लिहिलं आहे.

आता मुद्द्याचं. कामाच्या बाबतीत मी अजून कैचीच आहे.

भाचीकडून तुला एक फॉर्म मिळेल. त्यावरची माझी ओळ मी खोडली आहे आणि शेजारी कारण लिहून सही केली आहे. अकरा हजार अठ्ठावीस नोंदी तुझ्या. सहाशे चाळीस माझ्या, त्यांत भर नको आणि घटही नको, त्यांवर माझी सही आहे. तीनशे बारांचा संकलक कोण ते तू सांगशील तसं. मला आता शंका आहे की त्याही माझ्या नव्हेत.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलं. इतक्या वर्षांत ते मी फक्त हजेरीपत्रकात लिहिलं होतं, तेही उशीर झाला की लाल शाईनं. म्हणून फॉर्मवर ते मी लिहिणार नाही. भाचीही लिहिणार नाही. डेटाबेसमध्ये ते तुझ्या हातानं, तुला हवं तसं लिहिलेलं उतरलं पाहिजे.

सोबत एक कोरं कार्डही ठेवलं आहे, जुन्या मापाचं, खाली भोक असलेलं. माझ्याकडे शेवटचं एकच उरलं होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या बुधवारी चुकीचं दिलं. बरोबर उत्तर मला माहीत नाही, तुला आहे. पुढच्या बाजूला ते लिही. पाठीमागे माझ्याबद्दल जे वाटेल ते लिही, मुंगीएवढ्या अक्षरात नको, माझी नजर गेली आहे. या वेळी मी कार्ड उलटून वाचणार आहे.

क्षमा कर असं मी म्हणत नाही. तू चटकन "जाऊ द्या हो बाई" म्हणशील आणि चहा टाकायला उठशील, ते मला चालणार नाही. फोनवर चालणार नाही, भाचीजवळ निरोप चालणार नाही. पाच वाजता नोंदी सुटतील, म्हणून फॉर्म आणि कार्ड, दोन्ही भरून, लेखी, रविवार दिनांक ३० जून २०२४ रोजी दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांच्या आत मला मिळालं पाहिजे. मी ग्रंथालयात, तुझ्या जुन्या जागेवर बसलेली असेन.